दोष पाहणे आणि दोष देणे

मराठीत ‘दोष’ हा शब्द दोन घरी नांदतो. वैद्याच्या घरी तो केवळ शरीरातील घटकाचे नाव आहे. वात, पित्त आणि कफ यांस वैद्य दोष म्हणतो तेव्हा तो त्यांच्यावर रागावलेला नसतो. न्यायाधीशाच्या घरी मात्र त्याच शब्दाच्या पाठोपाठ शिक्षा येते. पहिल्या घरी दोष पाहावयाचा असतो, दुसऱ्या घरी तो द्यावयाचा असतो. शब्द एकच असल्यामुळे आपण पहिल्या घरात बसलो आहो अशा समजुतीत दुसऱ्या घरात केव्हा येऊन बसलो, हे पुष्कळदा आपल्या ध्यानातही येत नाही. तर्कशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या मनुष्यास हा भेद फार पूर्वीच कळावयास हवा होता. मला तो एका जुन्या ट्रॅक्टरपाशी कळला, आणि तोही उशिरा.

माझे मूळ गाव परभणी जिल्ह्यातील पोखर्णी. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ या नावाचे स्थानक आहे. गावातील नृसिंहाचे देऊळ साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध असल्यामुळे देवाचे नाव गावाच्या नावास चिकटले. भोवती काळी, भारी जमीन. चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळिसापर्यंत चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत नांगरट करावयाची असते, कारण तापलेली ढेकळे पावसाने फुटली म्हणजे पुढची मशागत सोपी होते. नृसिंहजयंतीही वैशाखातलीच. आमच्या गावी देव, ऊन आणि मालक हे तिन्ही एकाच महिन्यात उग्र होतात, असा विनोद माझे थोरले बंधू स्वतःच करीत असत. शेती तेच पाहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यास असतो आणि सुटीत जाऊन पडवीत बसून सल्ले देतो.

ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तो तापू लागला म्हणजे काय होते हे समजण्यासाठी त्याच्या पोटातील व्यवस्था थोडी सांगितली पाहिजे. आमच्या लहानपणी विहिरीवर ऑइल इंजिन असे. त्यास थंड ठेवण्याची युक्ती अगदी साधी होती: विहिरीचे थोडे पाणी एका नळीने इंजिनाच्या अंगातून जाई आणि कोमट होऊन दुसरीकडून बाहेर पडे. थंडीच्या दिवसांत आम्ही मुले त्याच नळीखाली अंघोळ करीत असू. ट्रॅक्टरला अशी अखंड विहीर लाभत नाही. त्यास आपली विहीर बरोबर घेऊन फिरावे लागते. दहाबारा लिटर पाणी इंजिनातून रेडिएटरात आणि रेडिएटरातून पुन्हा इंजिनात असे दिवसभर फिरत राहते. डिझेल जळून जी उष्णता होते तिचा सुमारे एक तृतीयांश भाग नांगर ओढण्याच्या कामी येतो, जवळजवळ तेवढाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला ह्या बिचाऱ्या पाण्यास वाहून न्यावा लागतो. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर उभी आहे: हे पाणी संपावयाचे नसते. निरोगी ट्रॅक्टरात ते महिनोन्‌महिने तेच राहते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यावर दुष्काळाची दुसरी वा तिसरी फेरी चालू होती. एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे पुष्कळांस आठवत असेल. आमची विहीर कोरडी पडली होती. खोल गेलेल्या एका बोअरला तासभर पाणी येई, तेही असे की भांड्यात तापविले तर भांड्यास पांढरी कड धरे. पाणी जपून वापरावे, अशी बंधूंची सर्वांस ताकीद होती. त्या वर्षी ८ एप्रिल रोजी पाडवा झाला. आमच्याकडे सालगड्यांचे साल पाडव्यास सुरू होते, त्याप्रमाणे ट्रॅक्टर चालविणाऱ्या आमच्या गड्याने उचल घेऊन नवे साल धरले. तो आमच्याकडे अकरा वर्षे होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत एका दुपारी नांगर चालू असता ट्रॅक्टरने वाफ सोडली, एक विचित्र आवाज केला आणि तो तासातच उभा राहिला. हेडचे गॅस्केट उडाले होते, तेलात पाणी शिरून त्याचे ताक झाले होते. खर्चाचा आकडा ऐकून घरात कोणी जेवले नाही.

मी त्या दिवशी तेथेच होतो. संध्याकाळी पडवीत जी चौकशी झाली ती सुमारे दहा मिनिटे चालली असेल.

“पाणी पाहिलं नव्हतंस,” बंधू म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

“मालक, पाणी मी रोज घालत होतो. सकाळी बी अन् दुपारी बी.”

“मग कुठं गेलं ते?”

“ते मला काय ठाव मालक. काटा तर हिरव्यातच होता.”

काटा हिरव्यात असता इंजिन उकळले, हे ऐकून बंधू हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब झाला. उचलीतून तीन आठवड्यांचा पगार वळता करून बाकी रक्कम त्याच्याकडून घेतली गेली, आणि नुकसानीपोटी काही पैसे त्यावर लावले गेले. पाडवा उलटून गेल्यामुळे इतर मालकांनी आपापले गडी धरलेले होते. तो कुटुंबासह गाव सोडून गेला.

आता, ज्यास न्यायशास्त्राचा थोडाही परिचय आहे त्याने या प्रसंगी काय ओळखावयास हवे होते ते सांगतो. कारण म्हणजे काय, याची चर्चा करताना आपल्या नैयायिकांनी घटाचे, म्हणजे मातीच्या मडक्याचे, उदाहरण घेतले आहे. मडक्यास माती कारण, चाक कारण, दंड कारण, कुंभार कारण. परंतु माती वाहून आणणारे गाढव? तेही मडके होण्यापूर्वी तेथे हजर होते. नैयायिक म्हणतात, ते कारण नव्हे, ते ‘अन्यथासिद्ध’. त्याच्यावाचूनही मडके होते, म्हणून त्याची हजेरी कारणात धरावयाची नाही. गाढवाचे हे उदाहरण वर्गात सांगितले म्हणजे मुले हसतात, आणि मीही वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर हसत आलो. त्यातील मर्म असे की, घटनेच्या जवळ सदैव जो उभा असतो तो डोळ्यांत भरतो, आणि डोळ्यांत भरणे हेच कारण असण्याचे लक्षण आहे असे मनास वाटते. ट्रॅक्टरजवळ सदैव कोण असतो? ट्रॅक्टर बिघडला तेव्हा त्याच्यावर कोण बसला होता? या दोन प्रश्नांची उत्तरे इतकी सोपी आहेत की तिसरा प्रश्न विचारण्याचे श्रम कोणी घेत नाही. (नैयायिकांच्या त्याच यादीत कुंभाराचा बापही अन्यथासिद्ध ठरविला आहे. घटनेपासून एक पायरी दूर असलेल्यांस ही सवलत नेहमीच सोयीची वाटते.)

गाडी दुरुस्त झाली. पुढच्या हंगामात नवा चालक आला आणि ट्रॅक्टर पुन्हा तापू लागला. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रात जी अन्वेषणाची सूत्रे दिली आहेत, त्यांच्या आधारे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही येथे निष्कर्ष काढता आला असता: चालक बदलला, कार्य बदलले नाही, तस्मात् चालक हे कारण नव्हे. आम्ही वेगळाच निष्कर्ष काढला. “हाही तसलाच निघाला,” असे बंधू म्हणाले, आणि मला ते पटले. एकदा मनाने दोषी ठरविला म्हणजे पुरावा त्याच्या विरुद्धच जमा होतो. अनुकूल पुरावासुद्धा.

२०१८ च्या मार्चमध्ये, तिसऱ्यांदा हेड उतरविण्याची पाळी येणार असे दिसले तेव्हा, परभणीच्या एका वृद्ध मिस्त्रींस घरी बोलाविले. त्यांनी जी तपासणी केली ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा राहून पाहिली, आणि आजवर ऐकलेल्या अनेक विद्वानांच्या व्याख्यानांपेक्षा मला ती अधिक स्मरते. आल्याबरोबर त्यांनी पाने हातात घेतले नाहीत. ते खाटेवर बसले आणि विचारू लागले. तापतो तो उभा असता की नांगर ओढताना? चढावर की सपाटीवर? सुरू केल्यावर किती वेळाने? पाणी उडते ते बुडबुडे येऊन की एकदम उसळून? या प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांनी मागाहून मला सांगितला. उभा असता तापत असेल तर वारा पुरत नाही, म्हणजे पंखा किंवा त्याचा पट्टा पाहावा. ओझे पडल्यावरच तापत असेल तर पाणी पुरेसे फिरत नाही, किंवा इंजिनावर झेपत नाही इतके काम टाकले आहे, किंवा डिझेल चुकीच्या वेळी फवारले जात आहे. इंजिन थंडगार असता सुरू करताच बुडबुडे येत असतील तर गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात शिरतो आहे. माधवनिदानात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. मिस्त्रींनी माधवाचे नावही ऐकले नसेल, परंतु खाटेवर बसून ते पूर्वरूप आणि रूपच विचारीत होते.

त्यानंतर तपासणी सुरू झाली, आणि तिचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. इंजिन पुरते निवेपर्यंत त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडू दिले नाही. तापलेले झाकण उघडणारा मनुष्य तोंड भाजून घेतो, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणारा बीड तडकवून घेतो, असे ते म्हणाले. प्रथम त्यांनी काट्यावरच संशय घेतला. खरोखर तापते की काटा खोटे सांगतो? अंतरावरून उष्णता मोजणारे, पिस्तुलासारखे एक लहान यंत्र हल्ली मिळते. त्याने त्यांनी रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीची उष्णता पाहिली. मग यंत्र बाजूस ठेवून तळहात रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश फिरविला आणि दोन ठिकाणी थांबवून माझाही हात तेथे ठेवविला. भोवती चटका बसत होता आणि ते दोन पट्टे कोमट होते. ‘इथून पाणी जात नाही,’ एवढेच ते म्हणाले. जाळीत सोयाबीनचे भूस गच्च बसले होते, तेही त्यांनी धुऊन काढविले. परंतु समोरून नव्हे, इंजिनाच्या बाजूने पाण्याचा फवारा मारून, कारण पंखा वारा समोरून आत ओढतो आणि समोरून धुतल्यास कचरा अधिकच आत बसतो. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. थर्मोस्टॅट काढून, दोऱ्याने टांगून, चुलीवरच्या पातेल्यात सोडला. पाणी उकळण्याच्या बरेच आधी तो उघडला, तेव्हा तो निर्दोष ठरला. आमच्याकडे पुष्कळ जण गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट कायमचाच काढून फेकतात. मिस्त्रींस तो प्रकार मुळीच खपत नसे. तो काढला की पुष्कळ इंजिनांत पाण्यास आडवाट मोकळी राहते, त्यातील काही रेडिएटरात न जाताच परत फिरते, आणि थंडीत इंजिन वेळेवर गरम न झाल्यामुळे झिजते ते वेगळेच. वैद्यकातील उपशय म्हणजे औषध देऊन रोग ओळखणे. त्यात औषधाचा हेतू ओळखणे हा असतो. फेकाफेक करणाऱ्यांचा हेतू विषय संपविणे हा असतो.

दुपारी रेडिएटर उतरविला. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, करकरीत थर होता. इंजिनाच्या पाणी खेळण्याच्या पोकळीतून तारेने खरवडले तेव्हा तसाच थर पापुद्र्यांनी बाहेर आला. बोअरच्या पाण्यात जे क्षार विरघळलेले असतात ते पाणी तापताच विरघळलेले राहत नाहीत, आणि बसतात ते नेमके जेथे उष्णता अधिक तेथे, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याशी. बिडातून उष्णता जितक्या सहज जाते त्याच्या कितीतरी पटींनी कमी ती या थरातून जाते. पाणी शेजारून वाहत असते आणि लोखंड आतल्या आत भाजत असते.

“बोअरचं पाणी घातलंय,” बंधू म्हणाले. “पहिल्यानंच केलेलं हे.”

मिस्त्री म्हणाले, “मालक, एकदा भरलेल्या पाण्यात किती चुना असणार? चिमूटभर. एवढा थर बसायला शेकडो लिटर पाणी आत जावं लागतं. ते रोज का लागत होतं, ते बघा की.”

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी पडवीत विचारावयाचा होता. आरोपीने आपल्या बचावात तो स्वतःच आमच्या पुढ्यात ठेवला होता. ‘पाणी मी रोज घालत होतो’ या वाक्यात संपूर्ण निदान होते. रोज पाणी घालावे लागते याचा अर्थ रोज ते कोठेतरी जाते. आम्ही ते वाक्य सबब म्हणून ऐकले, माहिती म्हणून ऐकलेच नाही. तीच गोष्ट काट्याची. काट्याची नळी पाण्यात बुडालेली असते तोवर तो पाण्याची उष्णता सांगतो. पाणी खाली गेले आणि ती उघडी पडली म्हणजे तो पोकळीतील हवेची गोष्ट सांगू लागतो आणि हिरव्यात स्वस्थ बसतो. ‘काटा हिरव्यातच होता’ हे सत्य होते. खोटे वाटावे इतके ते सत्य होते.

पाणी कोठे जात होते, ते मिस्त्रींनी शेवटी दाखविले. त्यांनी रेडिएटरचे झाकण उलटे करून माझ्या हातात दिले. प्रत्येक घरात कुकर असतो, म्हणून हे समजावयास कठीण नाही. दाबाखाली पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. सात पौंडांचा दाब धरणारे झाकण असेल तर ते सुमारे एकशे अकरा-बारापर्यंत थोपून राहते. त्यासाठी झाकणाच्या आत स्प्रिंग आणि रबराची चकती असते. माझ्या हातातील झाकणास स्प्रिंग नव्हती. ते तोंडावर घट्ट बसे, बाहेरून अगदी अस्सल दिसे, परंतु दाब धरीत नसे. म्हणून पाणी दर दुपारी लवकर उकळून वाफेने निघून जाई, क्षार मागे राहत, गडी नवे पाणी घाली, त्यातून नवे क्षार येत. एखाद्या मिठागरात जे चालते तेच आमच्या इंजिनात चालले होते. जो गडी पाणी घालीत नाही म्हणून आम्ही काढला, त्याने ते अतिशय इमानाने घातले होते. आणि प्रत्येक लोट्यागणिक, आम्हीच पुरविलेल्या पाण्याने, नकळत इंजिनाचा घास घेतला जात होता.

झाकण मी आणले होते. २०१५ च्या दिवाळीच्या सुटीत जुने झाकण शेतात कोठेतरी पडले, तेव्हा परभणीहून येताना एका दुकानात मापाचे दिसले ते घेतले. किंमत इतकी थोडी होती की बंधूंकडून मी पैसेही घेतले नाहीत, आणि त्याबद्दल मला थोडे बरेही वाटले होते.

असे प्रसंग केवळ पोखर्णीच्या शिवारात घडतात असे कोणी समजू नये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे जो अपघात झाला, तो मुळात थंड करणाऱ्या पाण्याचाच होता. दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप पुन्हा मिटली नाही आणि तीतून पाणी जात राहिले. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र, झडपेस मिटण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच सांगत होता; झडप खरोखर मिटली की नाही हे सांगणारी सोयच त्यात नव्हती. दुसरे एक मापक पाणी भरपूर आहे असे दाखवीत होते. त्या दोहोंवर विसंबून तेथील कामगारांनी आपोआप सुरू झालेला थंड पाण्याचा पुरवठा आवरता घेतला आणि अणुभट्टीचा गाभा निम्म्याच्या आसपास वितळला. जवळ कोण होते? कामगार. सारा दोष त्यांच्यावर टाकून विषय संपविणे सहज शक्य होते. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचे प्रमुख जॉन केमेनी हे गणिती होते आणि एका महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मंडळाने कामगारांच्या चुका झाकल्या नाहीत. परंतु या चुका त्यांच्या हातून का व्हाव्यात हा पुढचा प्रश्न विचारला. तेव्हा अपुरे शिक्षण, गोंधळात टाकणारी रचना, आणि १९७७ साली ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप उघडी राहिली असता तो अनुभव इतरांपर्यंत न पोहोचणे, या गोष्टी उजेडात आल्या. पहिल्या ‘का’पाशी थांबले असते तर काही कामगार बदलले गेले असते आणि दिवा तसाच राहिला असता.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या एका विद्यार्थ्याने घेतलाही. कारणांची साखळी अशी मागे मागे नेत गेलो तर शेवटी कोणीच जबाबदार राहणार नाही. झाकणास दुकानदार कारण, दुकानदारास कारखाना, बोअरच्या पाण्यास दुष्काळ. मग शासन कोणास करावयाचे? हा आक्षेप बिनतोड दिसतो, पण तो कारण आणि अपराध यांस एकच समजतो. माझ्या झाकणाने बिघाड झाला, तरी झाकणाबद्दल मी अपराधी नाही. मला त्यातले कळत नव्हते आणि कळावे अशी अपेक्षाही नव्हती. त्या गोष्टीचे मला वाईट वाटते, लाज वाटत नाही. लाज वाटते ती मान डोलावण्याची. तेथे अज्ञानाची सबब नाही. एकाच बाजूची साक्ष, तीही दहा मिनिटांची, आणि निकाल आधीच ठरलेला. यास पुरावा म्हणत नाहीत हे त्या पडवीत जर कोणास ठाऊक असेल तर ते मला होते. ते शिकविण्याचाच मला पगार मिळतो. म्हणजे साखळी मागे नेल्याने जबाबदारी विरून जात नाही. ती ज्याच्या त्याच्या ठिकाणी जाऊन बसते, आणि ते ठिकाण पुष्कळदा चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीखाली निघते. चौकशी लवकर आटोपण्याची आपली घाई यामुळेच तर नसेल, असा संशय मला अलीकडे येऊ लागला आहे.

बंधूंचे म्हणणेही येथे नोंदविले पाहिजे, कारण ते खोटे नाही. ते म्हणतात, “तुमच्यासारखं चार दिवस विचार करत बसलो तर पेरणी होईल का?” शेतकऱ्याच्या घाईस खरोखरच कारण असते. मृग कोणासाठी थांबत नाही, आणि जो पुण्यास बसून पगार घेतो त्याने धीराचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु त्या दिवसांत घाई कशाची होती? ट्रॅक्टर चालू करण्याची. माणसाचा निवाडा करण्याची घाई मुळीच नव्हती. तो महिनाभर लांबला असता तरी एक तासही वाया गेला नसता. आम्ही यंत्रास पंधरा दिवस दिले आणि माणसास दहा मिनिटे.

झाकणाची हकीकत मी बंधूंस त्याच दिवशी सांगितली नाही. मिस्त्री ‘हे कोणी आणलं?’ म्हणाले तेव्हा मी गप्प राहिलो; रात्रभर गप्प राहिलो. सकाळी सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी वही काढली आणि दोन वर्षांपूर्वी त्या गड्यावर नुकसानीपोटी लावलेली रक्कम पाहून तेवढे पैसे मोजून माझ्या हातात दिले. “तू जा,” म्हणाले. “माझ्यानं व्हायचं नाही.”

तो गंगाखेडच्या बाजूस एका मळ्यात ट्रॅक्टर चालवीत होता. पत्ता काढावयास दोन दिवस लागले. मी पोहोचलो तेव्हा दुपार होती आणि तो बांधावर बाभळीच्या सावलीत भाकरी खात बसला होता. मला पाहताच उठून उभा राहिला. बस म्हटले तरी भाकरी फडक्यात बांधेपर्यंत बसला नाही. मी सर्व सांगितले: झाकण, स्प्रिंग, चुना, काटा. वाटेत मी काही वाक्ये जुळवून ठेवली होती, ती तोंडातून निघाली नाहीत. पैसे दिले. त्याने ते मोजले, बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि वर बटण लावले. पुन्हा कामावर येशील का, असे बंधूंनी विचारावयास सांगितले होते. त्यावर त्याने नुसती मान हलविली, इथं बरं आहे, पोरगं शाळेत जातं, म्हणाला.

मी निघालो तेव्हा तो बांधापर्यंत माझ्याबरोबर आला.

“सर, आता कसा चालतो?”

“चांगला चालतो. रेडिएटर नवा बसवला, झाकण बदललं. तापत नाही.”

“अन् खालचा पाइप?”

“कोणता?”

“रेडिएटरच्या बुडातून पंपाकडं जातो तो. मऊ झाला होता. रेस वाढवली की आतल्या आत दबायचा. मालकांना सांगणार होतो, त्याच दिवशी संध्याकाळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन निवलेले असता, मी रेडिएटरखाली हात घालून तो पाइप दाबून पाहिला. मऊ होता.